भराव पडण्याआधी ठरवा : तळघराची भिंत की होम थिएटर?

प्रश्न : नव्या घराचं बांधकाम चालू आहे. तळघराच्या काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्यात, थोड्याच दिवसांत बाहेरून मातीचा भराव पडेल. करारात भिंतींना डांबराचे दोन हात आहेत. इंजिनीअर म्हणतात, मेम्ब्रेन (भिंतीवर बाहेरून बसणारा पाणी अडवणारा अखंड थर), ड्रेन बोर्ड (भिंतीलगतचं पाणी खाली नेणारा बोर्ड) आणि पायाशी निचऱ्याचा पाइप घालाच. कंत्राटदार म्हणतो, उगाच खर्च. गळलंच तर आतून करून देऊ. तेवढ्या पैशात तळघरातलं होम थिएटर पूर्ण होईल. काय करू?

उत्तर : ‘आतून करून देऊ’पासूनच सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा हिशेब त्या एका वाक्यावर उभा आहे.

डांबराचा हात मातीतली ओल अडवतो, दाबाखालचं पाणी नाही. काँक्रीट सुकताना आकसतं, बारीक चिरा पडतात, आणि डांबराचा पातळ थर त्या चिरेबरोबरच फाटतो. बाहेरची माती अडीच मीटरपर्यंत पाण्याने भरली, तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला साधारण अडीच टन दाब येतो. आतून लावायचे काही सिमेंटचे लेप हा दाब सोसतातही, पण तेव्हा भिंत ओलीच राहते आणि ओलीतली सळई गंजू शकते. शिवाय आतून काम म्हणजे तुमच्या थिएटरचं पॅनेलिंग आधी उखडायचं. ते ‘करून देऊ’मध्ये धरलंय का, हे लेखी विचारा. उत्तर काय येईल, याचा मला अंदाज आहे.

आता आकडे. जादा खर्च 100 धरू. तो आज वाचवून वर्षाला 7 टक्क्यांनी गुंतवला, तर 10 वर्षांत जवळपास 200 होतात. तेव्हा बाहेरून दुरुस्ती करायची तर खोदाई, फरसबंदी फोडणं, पुन्हा भराव, आतलं रंगकाम हे सगळं आलं. आजच्या भावाने 300 धरा. बांधकामाचे दर वर्षाला 5 टक्क्यांनी वाढले तर ते 490च्या घरात जातात. 200 म्हणजे 490चे साधारण 40 टक्के. म्हणजे गळण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या खाली असेल, तर कागदावर ‘आता नको’ हाच पर्याय जिंकतो. हे मी लपवत नाही.

पण हे गणित तुमचं नाही. वाचलेले 100 तुम्ही गुंतवणारच नाही आहात. तुमच्याच पत्रात ते थिएटरमध्ये गेलेत, आणि तेही त्याच तळघरात! गळती झाली तर दुरुस्तीसाठी बाजूला काहीच नसेल, आणि पहिला फटका त्याच पैशांच्या कामाला बसेल. विम्याच्या भरवशावर राहू नका; हळूहळू झिरपणाऱ्या भूजलाचं नुकसान बहुतेक गृहविमा पॉलिसींमधून वगळलेलं असतं. थिएटर दोन वर्षांनीही करता येतं. भराव पडल्यावर मात्र बाहेरची भिंत हाताला लागत नाही, आणि एखाद्या बाजूला शेजारचं बांधकाम खेटून झालं तर कधीच लागणार नाही.

तेव्हा माझं मत : काम आता करा, पैसे थिएटरच्या बजेटमधून काढा. आणीबाणीच्या निधीला हात लावू नका, आणि यासाठी पर्सनल लोन तर मुळीच नको.

मात्र पूर्ण पॅकेज डोळे झाकून घेऊ नका. आधी माती तपासणीचा अहवाल उघडा. भूजल खोल, माती वाळूची आणि प्लॉट उताराचा असेल, तर डांबर आणि निचरा यांवर भागू शकतं. इंजिनीअरना तसं थेट विचारा. चिकणमाती असेल किंवा पावसानंतर खड्ड्यात पाणी साचून राहत असेल, तर मेम्ब्रेनवर घासाघीस नको. निचरा मात्र दोन्ही वेळा हवा, आणि पाइपमधलं पाणी कुठे जाणार हे नकाशावर दिसलं पाहिजे. उताराने बाहेर काढता येत नसेल तर संप (पाणी गोळा करायचा खड्डा) आणि पंप आला. त्याची वीज आणि देखभाल हा कायमचा खर्च आहे, तो आत्ताच धरा.

पाणी बहुतेक वेळा सपाट भिंतीतून येत नाही. पाया आणि भिंत यांचा सांधा, शटरिंगच्या टाय-रॉडची (साचा आवळून धरणाऱ्या सळ्यांची) भोकं, काँक्रीट पोकळ राहिलेल्या जागा, पाइप भिंतीतून जातात ती ठिकाणं, तिथून येतं. ही भरून घेण्याचा खर्च किरकोळ असतो आणि कोटेशनमध्ये नेमका तोच गाळलेला असतो. सांध्यात वॉटरस्टॉप (काँक्रीटमध्ये गाडायची पाणी अडवणारी पट्टी) घातला होता का, हेही विचारा.

कोटेशन बाबवार मागा. हमी फक्त मालाची आहे की मजुरीचीही, ते वाचा. बऱ्याचदा उत्पादकाची हमी डब्यातल्या मालापुरतीच असते. भरावाआधी प्रत्येक भिंतीचे फोटो आणि इंजिनीअरची सही घ्या. भरावातल्या दगडांनी मेम्ब्रेन फाटतं, म्हणून त्यावर संरक्षक बोर्ड लागल्याशिवाय माती टाकू देऊ नका. आणि या कामाच्या बिलातले 10 टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. कंत्राटदार कुरकुरेल, पण ही अट काम सुरू होण्याआधी घातली तरच मान्य होते.