कोल्हापूर दोन दिवसांत: काय पाहावं, काय खावं, काय सोडावं

तुमची यादी वाचली. पुण्याहून शुक्रवारी रात्री गाडीने निघणार, शनिवार-रविवार मुक्काम, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. चौघे आहात, त्यात सासूबाई सत्तरीच्या आणि शाकाहारी. पाहायचं आहे अंबाबाई, ज्योतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, कणेरी मठ. शिवाय चपला आणि तांबडा-पांढरा, म्हणजे मटणाचे दोन रस्से. सरळ सांगतो, हे सगळं दोन दिवसांत कोंबलंत तर गाडीच्या काचेतून कोल्हापूर बघून परत याल.

मुख्य अडचण दिशांची आहे. ज्योतिबा आणि पन्हाळा शहराच्या वायव्येला, कणेरी दक्षिणेला, वाडी आणि खिद्रापूर पूर्वेला. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना दर वेळी शहरातली गर्दी मध्ये येते. म्हणून शनिवार पूर्ण शहराला द्या आणि रविवारी एकच दिशा धरा. कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय चालत बघायचं आहे, त्यात तीन तास सहज जातात. ते या वेळी सोडा.

राहायला स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास, शाहूपुरी किंवा ताराबाई पार्कात बघा. देवळाजवळच्या गल्ल्यांत गाडी नेणं आणि लावणं दोन्ही त्रासाचं. शनिवारी गाडी हॉटेलवरच ठेवा आणि रिक्षाने बिंदू चौकात उतरा. तिथून भवानी मंडप, देऊळ, खासबाग, चप्पल लाइन, सगळं पायी होतं.

देवळात पहाटे साडेपाच-सहाला पोहोचा. शनिवारी नऊनंतर रांग वाढत जाते. सासूबाईंना फार वेळ उभं राहणं जमत नसेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते, ती बरीच लवकर सरकते. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. देवळाला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. भिंतींना जे कोन आहेत त्यांच्या कोनाड्यांतल्या काळ्या दगडातल्या नर्तकी आणि वादक लोक बघतच नाहीत, आणि खरी कारागिरी तिथेच आहे. सकाळच्या तिरक्या उन्हात पूर्वेकडची बाजू सगळ्यात छान दिसते.

तुमच्या तारखा किरणोत्सवाला लागून आहेत. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला (आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला) मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपासून छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम मानतात. पण पश्चिमेला क्षितिजावर ढग किंवा धुरकं असेल तर किरणं वाटेतच विरतात, आणि महाद्वार रोडवरच्या उंच इमारतींचा अडथळाही आहेच. सोहळा पाहायचाच असेल तर सूर्यास्ताच्या निदान दीड तास आधी आत जा. सासूबाईंना त्या गर्दीत नेऊ नका, त्यांचं दर्शन सकाळीच उरका.

न्याहारीला मिसळ. कोल्हापुरात मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. नावाजलेल्या ठिकाणी दुपारी एक-दोनपर्यंत कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, संपतो. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, खासबागेजवळची खासबाग मिसळ, तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेच्या आहेत. देवळातून चालत जायचं तर खासबाग सोयीची. इथे मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी पाव नाही, जाड स्लाइस ब्रेड येतो. बाहेरून येणाऱ्यांचं एक हमखास चुकतं, ते म्हणजे सगळा कट एकदम ओतून घेणं. फरसाणाचा लगदा होतो आणि तिखट डोक्यात जातं. आधी थोडा कट घ्या, फरसाण कुरकुरीत आहे तोवर खा, मग मागा. कट पुन्हा वाढतात. सासूबाईंसाठी कट कमी घालायला सांगून वर दही घ्या.

नंतर भवानी मंडप आणि मागचं खासबाग मैदान. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं हे कुस्ती मैदान. आखाडा खाली खोलगट आणि भोवती चढती बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती अडथळ्याशिवाय दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं, ते पाहायला मिळेल असं धरून जाऊ नका. तालीम बघायची इच्छा असेल तर मोतीबाग किंवा गंगावेश. सराव पहाटे आणि संध्याकाळी असतो. आधी वस्तादांना विचारायचं, चपला बाहेर काढायच्या, तांबड्या मातीत पाय टाकायचा नाही आणि परवानगीशिवाय फोटो नाही. ती माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून तयार केलेली असते आणि पैलवान तिला पाया पडूनच उतरतात.

दुपारच्या उन्हात टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय. लोक न्यू पॅलेसच्या शिकारीतल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांसाठी गर्दी करतात आणि हे चुकवतात. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती इथे आहे. पंचगंगेकाठचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाराशी जोडलेलं होतं, त्याचा हा हातात मावेल एवढा पुरावा. न्यू पॅलेस १८८४ मध्ये पूर्ण झाला. वेळ उरला तरच जा. दोन्हीकडे सोमवारी जाऊ नका, बंद असतं.

जेवणाचं बघू. तांबडा-पांढरा ही दुपारची गोष्ट आहे. रविवारी चांगल्या खानावळींत दीडनंतर तासभर थांबावं लागतं, म्हणून हे शनिवारीच करा आणि साडेबाराला जाऊन बसा. मटण थाळीत सुकं, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती आणि भात येतो. रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा वाढतात. पांढरा आधी नुसता वाटीने प्यायचा, गरम असतानाच, कारण गार झाला की वरची चरबी गोठते आणि चव बसते. तो मटणाच्या आळणीत (मटण शिजवलेल्या पाण्यात) नारळाचं दूध, खसखस, तीळ किंवा काजूचं वाटण घालून केलेला असतो. रंग बघून तो शाकाहारी समजू नका. सासूबाईंसाठी शाकाहारी थाळी वेगळ्या स्वयंपाकघरातली हवी असेल तर पूर्ण शाकाहारी जागाच निवडा, दोन्ही मिळणाऱ्या ठिकाणी नको. तांबड्याचा रंग कांदा-लसूण चटणीचा आणि तर्रीचा, दिसतो तेवढा जाळ त्यात नसतो. रक्ती-मुंडी (बकऱ्याचं रक्त आणि डोक्याचं मटण) आवडत असेल तर आधी विचारा, ती लवकर संपते.

संध्याकाळी रंकाळा. टॉवरच्या बाजूला उभे राहिलात तर सूर्य पलीकडे शालिनी पॅलेसच्या मागे उतरतो. मग खासबागेची खाऊगल्ली, तिथली राजाभाऊंची भेळ आणि कुठल्याही जुन्या दुकानातलं कॉकटेल आइस्क्रीम.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्याबद्दल विचारलं होतंत. पहाटे आणि संध्याकाळी म्हशी तिथे आणतात आणि समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. बघायला नक्की जा. पण हे दूध न तापवलेलं असतं आणि कच्च्या दुधातून जंतूंची बाधा होऊ शकते, सासूबाईंनी तर पिऊच नये. प्यायचंच असेल तर पातेलं नेऊन विकत घ्या आणि उकळून प्या.

चपला शनिवारी संध्याकाळीच घ्या. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, माप नीट कळतं. चप्पल लाइनमध्ये पहिल्या दुकानात भाव विचारून पुढे जा. पारंपरिक कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो. तळ कातडी वादीने शिवलेला असतो, तो उलटून बघा. तळाच्या थरांमध्ये रबर किंवा पुठ्ठा दिसला तर ठेवून द्या. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असलं की वास मातकट येतो. रंगाचा उग्र वास म्हणजे वेगळं काम. अंगठा आणि पट्टा थोडे घट्टच हवेत, कारण आठवड्याभरात सैलावतात. मापाला आज आरामशीर वाटली ती पुढच्या महिन्यात पायातून निसटते. घरी आल्यावर आतून पट्ट्यांना एरंडेल लावा आणि पहिले काही दिवस रोज अर्धा तासच घाला. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात कातडं तडकतं.

रविवारी माझं मत खिद्रापूर आणि वाडी, पन्हाळा-ज्योतिबा नाही. ज्योतिबाला पायऱ्या भरपूर आहेत, आणि पन्हाळा अर्ध्या दिवसात उरकणं म्हणजे त्या गडावर अन्याय आहे. अंबरखान्याची तीन कोठारं, अंधारबाव, तीन दरवाजा, सज्जा कोठी, पुसाटी बुरूज, एवढ्याला एक दिवस हवा.

सकाळी सातला निघा. इचलकरंजी-कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर साधारण ६० किलोमीटर, दोन तास धरा. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारकालीन, बाराव्या शतकातलं. जमीन सपाट आहे, सासूबाईंना सोपं. स्वर्गमंडपाच्या छताला गोल गवाक्ष आहे आणि खाली त्याच मापाची गोल शिळा, भोवती खांबांची वर्तुळं. बाहेर तळाला हत्तींची रांग आहे, प्रत्येकाची ठेवण वेगळी. गावात नीट जेवायला मिळेल याची खात्री नाही, पाणी आणि खाणं बरोबर ठेवा. तुमच्या दिवसांत कार्तिकी पौर्णिमा येत असेल तर रात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर, त्या गवाक्षासमोर येतो. त्या रात्री गर्दीही तशीच असते.

तिथून वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्या उतराव्या लागतात, सासूबाईंना हात धरून न्या. पादुकांचं दर्शन, मग बासुंदी, कंदी पेढे आणि कवठाची बर्फी. हंगामात कृष्णाकाठची वांगी मिळाली तर घ्या.

परतीला पुन्हा कोल्हापुरात शिरू नका. वाडीहून सांगली, आष्टा, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) करून पेठ नाक्याला महामार्ग गाठा. तीनच्या आत वाडी सोडा, रविवारी संध्याकाळी साताऱ्याच्या पुढे गाड्या साठतात.

गूळ शनिवारीच घेऊन ठेवा. नोव्हेंबरात गुऱ्हाळं चालू असतात. पिवळाधमक टाळा, तो रसायनाने उजळलेला असण्याचा संभव असतो. गडद तपकिरी, फोडल्यावर रवाळ दिसणारा घ्या. काकवी घेतलीत तर बाटली झाकणासकट दोन पिशव्यांत बांधून उभी ठेवा.