वाचक विचारतात : झेंडूचा बाजार आणि ४८ मिनिटांचा तास

प्रश्न : मी एफवाय बीकॉमला अर्थशास्त्र शिकवते. एका डिव्हिजनला १२० मुलं, बाकं जमिनीला ठोकलेली. सुट्टीत एका कार्यशाळेला गेले होते, तिथे 'खेळातून शिकवा' असं सांगितलं. मोठ्या उत्साहाने मागणी-पुरवठ्यावर एक खेळ घेतला. मुलं खूश झाली, पण शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार आली. तास संपताना पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आज शिकवलंच नाहीत. नोट्स कधी देणार?" तेव्हापासून मन खट्टू झालंय. हा खटाटोप करावा, की आपलं खडू-फळा बरं? – एक प्राध्यापिका, परळ

उत्तर : त्या मुलीवर रागावू नका. तिला खरंच तसं वाटलं, आणि तिच्यासारखं पुष्कळांना वाटतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच धडा काही मुलांनी उत्तम व्याख्यानातून ऐकला, काहींनी गटात बसून गणितं सोडवत स्वतः शोधला. चाचणीत दुसरी मुलं पुढे होती. पण 'किती शिकलात?' असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनाच आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. डोकं चालवताना दमछाक होते, अडखळायला होतं, आणि त्या अडखळण्याला मुलं 'समजलं नाही' म्हणतात. व्याख्यान कानावरून सुरळीत जातं, म्हणून ते समजल्यासारखं वाटतं. हे वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मुलांना मोकळेपणाने सांगून टाका. मी दरवर्षी सांगायचे, आणि जूनमध्ये कुरकुरणारी मुलं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शांत व्हायची.

आता खेळाबद्दल. मी ३१ वर्षं कॉमर्सच्या मुलांना हाच विषय शिकवला. माझा पहिला खेळ वाया गेला होता. चिठ्ठ्या वाटल्या, आरडाओरडा झाला, घंटा वाजली, मुलं हसत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं, काल काय कळलं? "मजा आली मॅडम." त्यापुढे कोणालाच काही सांगता येईना. सहामाहीच्या पेपरात त्याच मुलांनी मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे वर चढवला होता, जो खाली उतरायला हवा. ते पेपर तपासताना मला फार वाईट वाटलं. खेळ चुकला नव्हता, मीच तो अर्धा सोडला होता. मुलांकडून आधी अंदाज लिहून घेतला नव्हता आणि नंतर बोलायला वेळ ठेवला नव्हता.

पुढे मी तो असा बसवला. तुमच्या ठोकलेल्या बाकांनाही तो चालेल, कारण माझीही बाकं ठोकलेलीच होती. तीन मुलांचं एक बाक, एका बाकाला एक चिठ्ठी. १२० मुलांच्या झाल्या ४० चिठ्ठ्या. डावीकडची २० बाकं गिऱ्हाइकं, उजवीकडची २० बाकं विक्रेते. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं दादरचं फूल मार्केट, माल झेंडू, आणि प्रत्येक चिठ्ठी एका किलोची. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर तो जास्तीत जास्त किती देईल तो आकडा : २५, ३०, ३५ असं पाच-पाचने चढत १२० पर्यंत. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्याला किलो कितीला पडला तो आकडा, तोही २५ ते १२०. चिठ्ठी दुसऱ्या बाकाला दाखवायची नाही. हात वर करून मोठ्याने भाव पुकारायचा. सौदा पटला की आकडा फळ्यावर लिहायचा आणि ती दोन बाकं त्या फेरीपुरती बाद. चार मिनिटांची एक फेरी, अशा तीन फेऱ्या, दर वेळी त्याच चिठ्ठ्यांनी.

पहिल्या फेरीत कोणी ४० ला विकतं, कोणी १०० ला घेतं. तिसऱ्या फेरीपर्यंत फळ्यावरचे आकडे ७० ते ७५ च्या आसपास गोळा होतात आणि सौदे होतात साधारण दहा. सगळ्या चिठ्ठ्या उघडून फळ्यावर मांडल्या की तेच उत्तर येतं : ७५ किंवा जास्त देणारी गिऱ्हाइकं दहा, ७० किंवा कमी पडतळ असलेले विक्रेतेही दहा. हा भाव कोणी ठरवला, असं विचारलं की वर्ग क्षणभर गप्प होतो. माझ्या नोकरीतले सगळ्यांत आवडते क्षण तेच.

मोठ्याने पुकारणं आणि परत परत खेळणं, या दोन गोष्टी गाळू नका. हार्वर्डचे एडवर्ड चेंबरलिन वर्गात असाच बाजार भरवत आणि १९४८ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. मुलं खोलीभर फिरून दोघादोघांत कुजबुजत सौदे करत, आणि भाव पुस्तकातल्या भावाशी जुळत नसे. त्या वर्गात बसलेला व्हर्नन स्मिथ पुढे स्वतः शिकवू लागला. १९५६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात त्याने नियम बदलले : भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या. भाव जुळायला लागला. त्याच वाटेवरच्या कामासाठी २००२ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांना हे जरूर सांगा. वर्गातला खेळ हा पोरखेळ नाही, हे त्यांना त्यातून जितकं पटतं तितकं माझ्या आर्जवाने पटलं नसतं.

खरा धडा चौथ्या फेरीत आहे. जाहीर करायचं : घाटात दरड कोसळली, ट्रक अडकले, प्रत्येक विक्रेत्याला किलोमागे २० रुपये जास्त पडले. थांबा, खेळू देऊ नका. प्रत्येक बाकाने वहीत लिहायचं, आता भाव किती होईल. बहुतेक बाकं ९० ते ९५ लिहितात. मग दोन फेऱ्या. भाव येऊन थांबतो ८० ते ८५ वर, सौदे होतात आठ. खर्च २० ने वाढला आणि भाव वाढला फक्त १० ने! मग उरलेले १० कोणाच्या खिशातून गेले? दोन विक्रेते माल घेऊन घरी का गेले? गिऱ्हाइकाला झेंडू घेतल्यावाचून गत्यंतरच नसतं तर भाव कुठे गेला असता? इथून तुम्ही लवचिकतेवर, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते त्यावर, जाऊ शकता, कराचा बोजा कोणावर पडतो तिथे जाऊ शकता. स्वतः लिहिलेला आकडा चुकलेला मूल कान टवकारून बसतं. हाच आकडा मी फळ्यावर नुसता लिहिला असता तर त्यांनी तो मुकाट्याने उतरवून घेतला असता.

४८ मिनिटांच्या तासात हे बसतं. चिठ्ठ्या वाटायला ५ मिनिटं, तीन फेऱ्यांना १२, अंदाजाला ३, पुढच्या दोन फेऱ्यांना ८. बोलायला २० उरतात, आणि त्या वीस मिनिटांना हात लावू नका. फेरी कमी झाली तरी चालेल. या खेळाला इंटर्नलचे मार्कही देऊ नका. मार्क आले की मुलं शेजारच्या बाकाचा अंदाज उतरवतात आणि चुकायची मोकळीक संपते. त्या मोकळिकीसाठीच तर खेळ.

गोंगाटाचं म्हणाल तर शेजारच्यांची तक्रार रास्त आहे, त्यांचाही तास असतो. आमच्याकडे कॉमर्स सकाळी सातला सुरू व्हायचं आणि पहिल्या तासाला मजल्यावरचे निम्मे वर्ग रिकामे असायचे. मी खेळ त्या तासाला ठेवायचे आणि आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगून ठेवायचे. साडेपाचची लोकल पकडून आलेली मुलं त्या तासाला डुलक्या घेत नसत.

नोट्स द्या, दुसऱ्या दिवशी द्या. आणि सगळंच खेळातून शिकवायला जाऊ नका. राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्या सरळ फळ्यावर सांगितलेल्या बऱ्या. जिथे मुलांच्या मनात आधीच एक चुकीचं उत्तर पक्कं बसलेलं असतं, तिथे खेळ काढा. सत्रात तीन-चार पुरेत.

प्रश्न : मी मराठी माध्यमातून आलेय, आता फोर्टच्या एका कॉलेजात एफवायबीएला आहे. आमच्या एक मॅडम तासाला रोल प्ले आणि डिबेट घेतात, सगळं इंग्रजीत, अचानक नाव पुकारून. बाकीच्यांना आवडतं. मी त्या दिवशी दांडी मारते. माझंच काही चुकतंय का? – एक विद्यार्थिनी, भांडुप

उत्तर : नाही गं, तुझं काही चुकत नाही. अचानक उभं करून परक्या भाषेत बोलायला लावलं तर भल्याभल्यांची बोबडी वळते. ज्यात काही जणच खेळतात आणि उरलेले घाबरून बसतात, तो खेळ नीट आखलेला नाही.

याला जुना आणि सोपा उपाय आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी तो १९८१ मध्ये मांडला : आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, आणि मगच वर्गापुढे. दोन मिनिटं वहीत लिहायला मिळाली की हातात काहीतरी असतं. शेजारणीशी मराठीत बोलून झालं की मुद्दा पक्का होतो, मग राहतो फक्त इंग्रजी शब्दांचा प्रश्न. तुझ्या मॅडमना तास संपल्यावर भेट आणि एवढंच माग : "मॅडम, बोलण्याआधी दोन मिनिटं लिहायला द्याल का?" चारचौघांत नको, एकटीने भेट. मला वर्गातल्या अशा एका मुलीने हे सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून माझ्या बाजारात भाव मराठीत, हिंदीत, गुजरातीत, वाट्टेल त्या भाषेत पुकारायची मुभा झाली. वर्षभर तोंड न उघडलेल्या मुली त्या दिवशी पाच रुपयांसाठी हटून बसल्या. त्यांच्या आया रोज भाजीवाल्याशी घासाघीस करतात, ते सगळं त्यांना येत होतं. मी विचारत होते ते मात्र त्यांना न येणाऱ्या भाषेत.

आणि दांडी मारू नकोस. पहिल्या वेळी नोंदी ठेवायचं काम मागून घे. फळ्यापाशी उभं राहायची सवय होते.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगला आहे. एवढी फी भरतो, आणि कॉलेजात सर म्हणे पत्ते आणि ठोकळे घेऊन खेळवतात. याने पेपर कसे सुटणार? – एक पालक, बोरिवली

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकते, पण आकडे सरांच्या बाजूने आहेत. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये अमेरिकेत निष्कर्ष काढला गेला. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती, मुलांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. यात पत्तेच हवेत असं नाही. शेजाऱ्याशी चर्चा, तासाला सोडवलेलं गणित, हेही त्यात आलं.

तरी खात्री करून घ्यायची असेल तर रात्री जेवताना मुलाला विचारा, आजच्या खेळात तुझा अंदाज काय होता आणि तो कुठे चुकला. तो ताटावरच्या वाट्या सरकवून समजावून सांगायला लागला, तर निश्चिंत राहा. नुसतं "मजा आली" म्हणाला, तर पुढच्या पालकसभेला जाऊन सरांना विचारा, खेळ संपल्यावर बोलायला किती मिनिटं ठेवता.