कागदावर तुम्ही अजून नाशकातच आहात

सिडकोतल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ३१, एम.ए., बी.एड. नाशकातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत २२ हजारांवर शिकवत होत्या. दोन वर्षांपासून थायलंडमध्ये इंग्रजी शिकवतात, सध्या कोराटच्या एका खासगी शाळेत, पगार ३८ हजार बाथ. त्या लिहितात: "खर्च जाऊन महिन्याला २० हजार बाथ, म्हणजे आपले ५० हजार शिल्लक पडतात. पाथर्डी फाट्याला ५० लाखांचा टू बीएचके बघितलाय. बिल्डर म्हणतो, २०२७ च्या सिंहस्थाआधी बुक करा, नंतर हा भाव मिळणार नाही. फ्लॅट घेऊ की एसआयपी करू? खात्यात ५ लाख ६० हजार आहेत. एक गॅरंटीड पॉलिसीही आहे, वर्षाला २ लाखांची, दुसरा हप्ता एप्रिलमध्ये आहे. कागदांचे फोटो सोबत जोडले आहेत."

ताई, फ्लॅटचं उत्तर आधी देऊन टाकतो. घेऊ नका.

तुमची बचत महिना ५० हजार नाही. दोन वर्षं दरमहा ५० म्हणजे १२ लाख. त्यातून पॉलिसीचे २ लाख आणि बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे २ लाख ८० हजार गेले, तर ७ लाख २० हजार उरायला हवे होते. खात्यात ५ लाख ६० हजार आहेत. मधले १ लाख ६० हजार कुठे गेले, ते तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे: तिकडच्या पहिल्या शाळेचा करार दहाच महिन्यांचा होता, सुट्टीचे दोन महिने पगार नव्हता, आणि दोन वेळा घरी येण्या-जाण्याची तिकिटं. म्हणजे खरी बचत महिना ४३ हजारांच्या आसपास. हाच आकडा धरून चला. बाथ मी अडीच रुपयांनीच धरलाय. आज थोडा जास्त मिळत असेल, पण वीस वर्षांचं कर्ज चढ्या भावावर बेतायचं नसतं.

५० लाखांच्या फ्लॅटला बँक ४० लाख देईल. वरचे १० लाख तुमचे, शिवाय जीएसटी, स्टँप ड्युटी आणि नोंदणी मिळून आणखी ५ लाखांच्या वर. १५ लाख हवेत आणि हातात साडेपाच. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता जवळपास ३५ हजार. पॉलिसीचे महिन्याला पडतात साडेसोळा-सतरा. झाले ५१-५२ हजार, आणि बचत ४३ हजार. दर महिन्याला आठ-नऊ हजारांचा खड्डा, तोही नोकरी टिकली तर. तसाच फ्लॅट त्या भागात १३ हजार भाड्याने मिळतो, असं तुम्हीच लिहिलंय. सिंहस्थाआधी भाव वाढणार हे वाक्य २०१५ च्या सिंहस्थाआधीही मी याच शहरात ऐकलं होतं. त्यावर विसंबून कुणी कर्ज काढू नये.

आता जे तुम्ही विचारलंच नाही त्याकडे वळतो, कारण तुमचे कागद बघताना मला काळजी तिथेच वाटली.

प्रस्ताव अर्जाची प्रत पॉलिसीच्या कागदांत मागच्या बाजूला जोडलेली असते, सहसा कुणी उघडून बघत नाही. तुमच्या फोटोत ती आहे. व्यवसायापुढे 'शिक्षिका', कामाच्या ठिकाणी तुमच्या जुन्या शाळेचा नाशिकचा पत्ता, निवासी भारतीय की अनिवासी यापुढे 'निवासी' या चौकटीत बरोबरची खूण. अक्षर तुमचं नाही. खाली सही तुमची आहे. तारीख गेल्या एप्रिलची, म्हणजे तुम्हाला थायलंडला जाऊन वर्ष झालं होतं आणि तुम्ही सुट्टीवर घरी होतात. बँकेतल्या ओळखीच्या मॅडमनी अर्ज भरला आणि "फक्त सह्या करा" म्हणाल्या, असं तुम्ही लिहिता. त्या मॅडमना तुम्ही परदेशात असता हे माहीत होतं, कारण दर महिन्याला तिकडून येणारी रक्कम त्यांच्याच शाखेत जमा होते. मला याचा फार राग येतो. विमा कायद्याप्रमाणे पहिली तीन वर्षं कंपनी महत्त्वाची माहिती चुकीची दिल्याच्या कारणावरून दावा नाकारू शकते. उद्या काही बरंवाईट झालं तर कंपनीसमोर तुमच्या आई-बाबांना उभं राहावं लागेल, मॅडमना नाही.

दुसरा कागद, बँकेचं पासबुक. साधं बचत खातं, तुम्ही कॉलेजात असताना उघडलेलं. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याच्या नजरेत माणूस अनिवासी होतो आणि साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडून येणाऱ्या पगारासाठी वेगळं एनआरई खातं उघडायचं असतं. ही दोन खाती म्हणजे श्रीमंतांची चैन आहे असं नाशकात अनेकांना वाटतं. महिना वीस हजार पाठवणाऱ्यालाही हाच नियम आहे.

तिसऱ्या कागदाने मी खुर्चीत सरळ बसलो. खात्यातल्या ५ लाखांची एफडी आहे आणि व्याजावर टीडीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो कर, कापू नये म्हणून बाबांनी तुमच्याकडून १५-जी फॉर्म भरून घेतलाय. हा फॉर्म फक्त निवासी व्यक्तीला भरता येतो. 'मी भारतात निवासी आहे' असं त्यात जाहीर करावं लागतं आणि तुम्ही ते कोराटच्या खोलीत बसून सही करून पाठवलंत. बाबांचा हेतू चांगलाच होता, ३५-४० हजार व्याजातून कशाला कापून द्यायचं म्हणून. पण तुमच्या व्याजावर कर बसतच नव्हता. भारतातलं तुमचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली आहे आणि तिकडच्या पगारावर अनिवासी माणसाला इथे कर लागत नाही. टीडीएस कापला असता तर रिटर्न भरून परत मिळाला असता. फायदा काही झाला नाही, खोटं निवेदन मात्र तुमच्या नावावर लागलं.

विमा, बँक, कर, तिन्ही ठिकाणच्या कागदांवर तुम्ही अजून नाशकातच आहात. आणि पासपोर्टवर थायलंडचे शिक्के आहेत.

परकीय चलन कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण म्हणून झोप घालवून घेऊ नका. आपणहून जाऊन दुरुस्त करणाऱ्याला बँका फॉर्म भरून खातं बदलून देतात. मार्चअखेर तुम्ही सुट्टीवर येताय. येताना पासपोर्ट, व्हिसा आणि वर्क परमिटच्या प्रती, शाळेचा चालू करार आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा घेऊन या. पहिल्याच आठवड्यात शाखेत जा, जुनं खातं एनआरओ करा, एफडीही एनआरओ होईल, १५-जी लेखी मागे घ्या आणि त्याच दिवशी एनआरई खातं उघडा. पोचपावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आधीचे पैसे एनआरओत राहतील, त्यांच्या व्याजावर ३१ टक्क्यांच्या आसपास टीडीएस कापला जाईल, आणि तो परत मिळवायला दरवर्षी रिटर्न भरावं लागेल. दोन वर्षांच्या उशिराची किंमत एवढीच. यापुढचा प्रत्येक बाथ एनआरई खात्यात आला की तिथल्या एफडीच्या व्याजावर तुम्ही अनिवासी असेपर्यंत कर नाही, आणि पैसे हवे तेव्हा परत बाहेर नेता येतात.

आता पॉलिसी. "२४ लाख भरा, ५० लाख घ्या, डबलपेक्षा जास्त, गॅरंटीड" हे मॅडमचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय. बारा वर्षं हप्ते, पैसे विसाव्या वर्षी. पहिला हप्ता वीस वर्षं पडून राहतो, शेवटचा नऊ. सरासरी साडेचौदा वर्षं. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की साधारण व्याजदर कळतो: ७२ भागिले साडेचौदा, वर्षाला ५ टक्के. एनआरई एफडीला साडेसहा टक्के धरले आणि तो दर टिकला, तर हेच हप्ते वीस वर्षांत ६० लाखांच्या घरात जातात. गॅरंटी खरी आहे, पण ती कमी पैसे मिळण्याची आहे. विमा किती? २० लाख. तेवढ्यासाठी वर्षाला २ लाख?

आणि बारा वर्षांचं बंधन तुम्ही कशाच्या जोरावर घेतलंत? तुमचा करार एका वर्षाचा आहे. थायलंडमध्ये वर्क परमिट एका मालकाला बांधलेलं असतं. शाळेने मार्चमध्ये नको म्हटलं की मेच्या आत दुसरी शाळा शोधून सगळे कागद नव्याने करायचे. पगार दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढेल आणि दोन वर्षांनी कोरियात तिप्पट मिळेल, असं तुम्ही गृहीत धरलंय. कोरियाचा नेहमीचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्यांत भारत नाही. दोन्ही देशांच्या व्यापार करारातून भारतीय शिक्षकांना एक अरुंद वाट आहे. जरूर प्रयत्न करा, पण ती मिळाल्याशिवाय तिच्या भरवशावर एक रुपयाही बांधू नका. तिकडे तुमच्याच वर्गाशेजारी गोऱ्या शिक्षकाला जास्त पगार मिळतो, हे तुम्हीच लिहिलंय. तुम्ही चांगलं शिकवता म्हणून तो फरक मिटेल असं नाही, आणि याचं मलाही वाईट वाटतं.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी ऑक्टोबर २०२४ नंतरची आहे, त्यामुळे नव्या नियमाप्रमाणे एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरून वर्ष संपल्यावर सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी बंद केल्यास, काही रक्कम परत मिळते. कंपनीकडून तो आकडा लेखी मागवा. सोबत तक्रारही करा: माहिती असूनही अर्जात निवासी लिहिलं, पूर्ण हप्ता परत द्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे दाद लागली नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे, तिथे फी नसते. सगळे २ लाख मिळतील असं मी सांगणार नाही. पण बुडाले तरी दोनच बुडतील. "एक भरलाय तर दुसराही भरू" म्हणत माणसं दहा-दहा लाख अडकवून बसलेली मी पाहिली आहेत.

त्या २ लाखांचं खरं काम घरात आहे. बाबा ६३ चे, अंबडच्या कंपनीतून निवृत्त, पेन्शन ३ हजार, आणि आई-बाबांचा एक रुपयाचाही आरोग्य विमा नाही. गुडघा तुमच्या बचतीतून झाला. दुसरा गुडघाही दुखतोय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचे ५ लाख मिळतील, त्याला अजून सात वर्षं आहेत. दोघांची मिळून पॉलिसी वर्षाला ५० हजारांच्या आसपास जाईल, आता त्यावर जीएसटी नाही. गुडघ्यासारख्या आधीच्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, म्हणून तर ती याच सुट्टीत घ्यायची. अर्जात गुडघा, साखर, रक्तदाब सगळं लिहा, आणि या वेळी स्वतःच्या हाताने. तुमच्यासाठी ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा, अनिवासी म्हणून काही हजारांत होईल.

एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम, जरूर करा, पण एनआरई खातं झाल्यावर आणि केवायसी अनिवासी करून घेतल्यावर. शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा एक इंडेक्स फंड पुरे, महिना १५ हजारांपासून. बाकीची बचत एनआरई एफडीत, आणि कोराटच्या खात्यात तीन महिन्यांचा खर्च व परतीचं तिकीट एवढे बाथ कायम.

पॉलिसीचा हप्ता १२ एप्रिलला त्याच जुन्या खात्यातून आपोआप कापला जाणार आहे. ती ऑटो डेबिटची सूचना रद्द करायचा अर्ज इथे येईपर्यंत लांबवू नका. नेट बँकिंगमधून आजच करा, आणि रद्द झाल्याचा मेसेज बाबांच्या नंबरवर येईल, तो त्यांना जपून ठेवायला सांगा.