दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेली विमानं आज कशी शोधतात? मॅग्नेटोमीटर (लोखंड-पोलादामुळे होणारा चुंबकीय फरक टिपणारं यंत्र) पुरतो का?

नाही, एकटा मॅग्नेटोमीटर पुरत नाही. मुख्य काम साइड-स्कॅन सोनार करतो. विमानाचा सांगाडा बहुतांशी ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम चुंबकीय नाही. मॅग्नेटोमीटरला सापडलंच तर इंजिनातलं नि चाकांच्या दांड्यांमधलं पोलाद, तेही अगदी जवळून गेलात तर. सोनार बोटीमागून ओढत नेतात. तो दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडतो आणि तळावरच्या वस्तूचा प्रतिध्वनी व तिची सावली यांवरून चित्र उमटतं. बऱ्याचदा ओळख पटते ती सावलीवरूनच. तरी खडकही विमानासारखे दिसतात, म्हणून शेवटी बुडी मारणारा माणूस किंवा कॅमेरा खाली पाठवावाच लागतो.

पण त्याआधी कुठे शोधायचं हे ठरवावं लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो: हवाई दलाच्या तुकड्यांचे युद्धकालीन अहवाल, वाचलेल्यांच्या जबान्या आणि कोळ्यांची जाळी कुठे अडकतात याची माहिती. (माझ्या मते यातली शेवटची सर्वांत भरवशाची.) इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर 1940 मध्ये पाडलेलं जर्मन बॉम्बफेकी विमान डॉर्नियर 17 तळावर उलटं पडलेलं सापडलं, ते 10 जून 2013 रोजी वर काढलं.

मात्र वाळू सरकती असेल तर साइड-स्कॅनचा उपयोग मर्यादित. विमान गाडलं गेलं की तो त्याच्यावरून सरळ निघून जातो. पुढच्या वादळाने वाळू हलवली तर तेच विमान उघडं पडू शकतं. आणि सापडलं म्हणून हात लावता येतो असंही नाही: ब्रिटनमध्ये 1986 च्या कायद्याने लष्करी विमानांचे अवशेष संरक्षित आहेत, परवान्याशिवाय ते हलवणं गुन्हा आहे.