घरच्या ध्वनिमुद्रणासाठी कोणता मायक्रोफोन घ्यावा?

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते. घरच्या लहान खोलीत तबला-हार्मोनियमच्या साथीने गाणे ध्वनिमुद्रित करायचे आहे. कंडेन्सर मायक्रोफोन घ्यावा की डायनॅमिक?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मायक्रोफोनच्या आधी खोलीचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत कंडेन्सर मायक्रोफोन गळ्यातील बारकावे जितक्या तत्परतेने टिपतो, तितक्याच तत्परतेने भिंतींवरून परतणारा आवाज, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे हॉर्नही टिपतो. म्हणून जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि आपल्या पाठीमागे दोन-तीन गोधड्या टांगणे, ही पहिली तयारी समजावी.

एवढे जमणार नसेल, तर शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक मायक्रोफोन नि:शंक घ्यावा. तो मागून येणारा आवाज बराचसा वगळतो. त्यामुळे तबलजींना मायक्रोफोनच्या पाठीकडे, म्हणजे आपल्यासमोर बसवले, तर गळ्याच्या ट्रॅकवर तबला कमी उतरतो आणि पुढे मिक्सिंग, म्हणजे सर्व आवाजांचा मेळ घालणे, सोपे जाते.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोन संगणकाला जोडणारे यंत्र, घेताना मात्र घाई करू नये. गळा, हार्मोनियम, तबला आणि डग्गा यांना स्वतंत्र मायक्रोफोन द्यायचे, तर त्यात चार प्रीअँप (मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारे भाग) लागतात. चार इनपुट म्हणून विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांत मायक्रोफोनसाठी दोनच असतात, हे दुकानातच तपासावे. कंडेन्सर घेतल्यास ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे तारेतूनच मायक्रोफोनला मिळणारा वीजपुरवठाही हवा.

तानपुरा ॲपवर लावणार असाल, तर त्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून बंद कपांचा हेडफोन घ्यावा. ध्वनिमुद्रण २४ बिटवर करावे आणि तार सप्तकातील सर्वांत जोरकस स्वरही उणे १० डेसिबलच्या (शून्य ही कमाल पातळी) खालीच राहील, अशी पातळी ठेवावी.