नववीतल्या मुलाला जबाबदारीची जाणीव कशी करून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, सांगितल्याशिवाय इकडची काडी तिकडे करत नाही आणि बोललं की खोलीचं दार लावून घेतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अगदी हेच चालू होतं. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो, मुलगा तेव्हा 14 वर्षांचा होता. जबाबदारीवर मी रोज बोलायचे, पण दप्तर आवरण्यापासून पाण्याची बाटली भरण्यापर्यंत सगळं मीच करत होते.

मग एका बुधवारी त्याच्या हातात पाचशे रुपये आणि दोन पिशव्या दिल्या. गोदाकाठी बुधवारचा बाजार भरतो, तिथून आठवड्याची भाजी आण, काय आणायचं ते तूच ठरव, एवढंच सांगितलं. आला तेव्हा टोमॅटो पिशवीच्या तळाशी आणि वर तीन किलो बटाटे. जिनाभर लाल पाण्याचे थेंब. कोथिंबीर विसरला होता, मेथीच्या मात्र चार जुड्या. सासूबाई काही बोलणार तेवढ्यात मी त्यांना खुणेने थांबवलं, कारण पिशवी बघून तो आधीच ओशाळला होता. फुटलेल्या टोमॅटोंचं सार केलं, तीन दिवस मेथी खाल्ली. पुढच्या बुधवारी बटाटे खाली होते. महिनाभरात तो आधी बाजाराची एक फेरी मारून, भाव विचारून मग घ्यायला लागला.

खरी परीक्षा माझी होती. काम बिघडलं की "राहू दे, मीच करते" हे शब्द तोंडावर येतात. ते गिळावे लागतात. या वयात पुढचा विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा भाग अजून घडत असतो, तो पूर्ण घडायला साधारण पंचविशी उजाडते. तोवर मुलं चुकणारच. भाजीत चुकली तर शंभर रुपये जातात, तिथे चुकू द्यावं.

पण जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे नाही म्हणजे नाही. मित्र स्कूटर घेऊन क्लासला जातात म्हणून त्यालाही हवी होती. मी कायदा त्याच्यासमोर ठेवला. 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. तो दोन दिवस रुसला. मी म्हटलं, "माझ्यावर हवा तेवढा राग, पण जेवायला ये." तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मग बाबा हेल्मेट का घालत नाहीत?" ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून हे कोपऱ्यावर दूध आणायलाही हेल्मेट घालून जातात आणि मुलगा सिटीलिंकच्या बसने क्लासला जातो.

बंद दाराबद्दल सांगायचं तर समोर बसवून "काय झालंय, बोल" म्हटलं की मुलं मिटतात. आम्ही रात्री वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालतो, दोघांची नजर कपड्यांवर असते. शाळेत एका मुलाला सगळे चिडवतात आणि आपणही हसलो, हे त्याने मला टॉवेलची घडी घालताना सांगितलं. मी फक्त "उद्या त्याच्याशी बोलशील का?" एवढंच विचारलं. बोलला.

सकाळी उठत नाही याला मात्र आळशीपणा म्हणू नका. या वयात झोपेची वेळच पुढे सरकते आणि आठ ते दहा तास झोप लागतेच. रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवायचा असेल तर तुमचाही ठेवा.

या आठवड्यात घरातलं एकच काम पूर्णपणे त्याच्याकडे द्या, कोणतं ते त्यालाच निवडू द्या. आणि पुढच्या जूनमध्ये दहावी सुरू झाली की नातेवाईक सांगतील, आता त्याला काही काम सांगू नका. तेव्हाही ते काम त्याच्याकडेच राहू द्या.