आधी प्लग लावू नका: जुन्या कन्सोल रेडिओविषयी प्रश्नोत्तरे

जमिनीवर उभा राहणारा, कमरेएवढा उंच लाकडी व्हॉल्व्ह रेडिओ (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा) घरी आणला की चार दिवसांत माझ्याकडे पत्र येतं. पत्रं वेगवेगळ्या लोकांची असतात, गोंधळ मात्र तोच असतो. पुष्कळदा पत्र पोचेपर्यंत सेटचं नुकसान होऊन गेलेलं असतं, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

विकणारा म्हणतो, ‘सेट चालू आहे, वाजवून दाखवतो.’ त्यासाठी जास्त पैसे मागतो आहे. द्यावेत का?

नाही. पाच मिनिटं वाजला यावरून काहीच कळत नाही. आत काय बदललं आणि कधी बदललं, ते विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर सेटची दुरुस्ती झालेलीच नाही असं धरून किंमत ठरवा. पैसे मोजायचे ते न मिळणाऱ्या वस्तूंसाठी: मूळ डायलची काच, नॉब, मूळ स्पीकर, शाबूत पॉवर ट्रान्सफॉर्मर. मागून टॉर्च मारून बघा. ट्रान्सफॉर्मरखाली डांबरासारखा काळा ओघळ दिसला, तर तो कधीतरी भाजून निघालेला आहे. कॅबिनेटचा तळ ओल लागून फुगला आहे का, लाकडाला किडीची बारीक भोकं आहेत का, हेही बघा.

सेट तीसेक वर्षं माळ्यावर पडून होता. एकदा प्लग लावून बघू का?

नका लावू. सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात, आणि सगळ्यात जास्त सेट याच एका हौसेपायी जळतात.

या सेटमध्ये दोन जातींचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून धरणारे भाग, असतात. एक इलेक्ट्रोलिटिक, डीसीमधली गुणगुण गाळणारे. ते वर्षानुवर्षांत आतून सुकतात किंवा शॉर्ट होतात. ते शॉर्ट झाले की रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यावर सगळा भार येतो. दुसरी जात मेणात बुडवलेल्या कागदाची. हे वरून चांगले दिसतात, पण कागदात ओल शिरलेली असते आणि ते विजेला थोडी थोडी वाट देत राहतात. त्यातला एक आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकरला चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, जोडलेला असतो. ग्रिडवर ऋण दाब (व्होल्टेज) हवा. हा कंडेन्सर गळला की तिथे धन दाब पोचतो आणि व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढू लागतो. रेडिओ वाजतच राहतो, आवाज जरासा फाटतो एवढंच. तेवढ्या वेळात आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर तापत जातात. माझ्या टेबलावर असा एक सेट आला होता. पाहुण्यांना ऐकवायला म्हणून संध्याकाळभर लावला होता. चॅसी (सगळे भाग बसवलेला आतला धातूचा सांगाडा) उलटी केली तर कागदी कंडेन्सरांचं मेण वितळून वायरींवर थेंबथेंब गोठलेलं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला हात लावताच जळका कागद सुटून आला. बदलायचा कंडेन्सर अगदी स्वस्तातला होता. तो ट्रान्सफॉर्मर मात्र नव्याने गुंडाळून घ्यावा लागला.

यावर हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे, ‘व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या, कंडेन्सर परत जिवंत होतात.’ काही इलेक्ट्रोलिटिक तात्पुरते सावरतात, हे खरं. कागदी कंडेन्सर कधीच सावरत नाही. दुसरी फसवणूक ‘जुन्या साठ्यातले, न वापरलेले’ कागदी कंडेन्सर विकण्याची. कागद वापराने नाही, वयाने खराब होतो. पाकिटातला न वापरलेला कंडेन्सरही तितकाच म्हातारा असतो. नवे फिल्म कंडेन्सर घ्या, साधारणपणे ६३० व्होल्टचे. इलेक्ट्रोलिटिक ४५० व्होल्टचे, पण तुमच्या सेटच्या सर्किटमध्ये तेवढे पुरतात का ते पाहूनच.

हे सगळं झाल्यावरही पहिल्यांदा सेट लावायचा तो जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच सेटला मिळेल असा जोडून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा आणि व्हॉल्व्ह सेट जाणणाऱ्या कारागिराला दाखवा.

आणखी एक: आत २५० ते ३५० व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवू शकतात. मीटरने शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालू नका. हे काम पूर्वी केलेलं नसेल तर स्वतः करू नका. जाणकाराच्या शेजारी बसून शिका.

सगळे व्हॉल्व्ह नवे घ्यावेत का?

नाही. बहुतेक वेळा ते चांगलेच असतात. आधी तपासून घ्या.

स्पीकर फाटला आहे. नवा चुंबकाचा स्पीकर बसवला तर?

१९३० च्या दशकातल्या बहुतेक कन्सोलमध्ये कायमच्या चुंबकाऐवजी फील्ड कॉइल (विजेने चुंबक बनणारी तारेची गुंडाळी) असते, आणि तीच कॉइल पॉवर सप्लायमध्ये चोकचं, म्हणजे डीसीमधली गुणगुण अडवणाऱ्या गुंडाळीचं, काम करते. ती काढली तर सेटच बंद पडतो. बदलायचंच असेल तर तिच्या जागी योग्य रेझिस्टन्सचा चोक किंवा रेझिस्टर हवा, आणि तो हिशेब कारागिराकडूनच करून घ्या. आधी कोनच्या चिरेवर पातळ कागद आणि पाण्यात विरघळणारा डिंक लावून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. स्पीकरची वायर सुटी असताना सेट चुकूनही लावू नका.

माझ्या सेटवर एफएम लिहिलं आहे, पण एकही स्टेशन लागत नाही.

डायलवरचे आकडे वाचा. ४२ ते ५० मेगासायकल (म्हणजे आजचे मेगाहर्ट्झ) असेल तर तो १९४० च्या दशकाच्या सुरुवातीचा अमेरिकन बँड आहे. १९४५ मध्ये तिथे एफएम ८८ ते १०८ कडे हलवण्याचा निर्णय झाला. सेट बिघडलेला नाही, त्या जागी आता एफएम स्टेशनंच नाहीत.

आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून देतो, असं दुकानदार म्हणतो.

नाही म्हणा. काढलेली चॅसी बहुधा सुटी विकली जाते, तुम्हाला मात्र ती परत मिळत नाही. फोनवरची गाणी ऐकायची असतील तर पुष्कळ सेटमध्ये व्हॉल्यूम कंट्रोलजवळ बाहेरचा आवाज जोडता येतो, पण पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्येच. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटची चॅसी थेट मेनशी जोडलेली असू शकते. त्याला फोन जोडणं जिवावर बेतेल. तुमचा सेट कोणत्या प्रकारचा, ते आधी तपासून घ्या.

कॅबिनेटला मशीनने पॉलिश-पेपर मारू का?

मुळीच नको. वरचा व्हेनिअर (चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) मिलिमीटरहूनही पातळ असतो, आणि काही ठिकाणी तर लाकडाच्या रेषा नुसत्या छापलेल्या असतात. एकदा घासल्या की गेल्या. कोपऱ्यात, मागच्या बाजूला, ओलसर कापडाने पुसून बघा. डाग निघाला तर तेवढंच करा. नाही निघाला तर जुन्या फर्निचरचं काम करणाऱ्याला विचारा.

आवाज कमी होता म्हणून आतल्या डब्यांवरचे स्क्रू थोडे फिरवले. आता एकही स्टेशन नीट लागत नाही.

ते आयएफ (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी, म्हणजे रेडिओच्या आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू, पुष्कळ सेटमध्ये ४५५ किलोहर्ट्झला जुळवलेले. आता सिग्नल जनरेटर असलेल्या कारागिराकडेच न्या, कुठला स्क्रू किती फिरवला ते आठवेल तसं लिहून सोबत द्या, आणि तोपर्यंत त्यांना पुन्हा हात लावू नका.